डॉक्टरांना बाबांची नोकरी सांगा

पत्र:

नमस्कार डॉक्टर,

आम्ही मालवण तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. माझे बाबा 73 वर्षांचे आहेत. 1974 साली ते मुंबईला गेले आणि एका गोदीत लॅगर म्हणून, म्हणजे तापलेल्या पाइपांवर लॅगिंगचं आवरण चढवायच्या कामाला, चिकटले. पुढे पाइप फिटर झाले आणि 2010 मध्ये निवृत्त होऊन गावी आले. गेली तीन वर्षं त्यांना दम लागतो. देवळाची घाटी चढताना दोन-तीनदा बसावं लागतं. कोरडा खोकला आहे. इथल्या डॉक्टरांनी टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या. थुंकीत काही निघालं नव्हतं आणि गोळ्यांनी फरकही पडला नाही. दुसरे डॉक्टर म्हणाले, विड्या ओढल्यात, आता भोगा. (बाबांनी विडी सोडून दहा वर्षं झाली.) आता कुडाळला एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंना ‘प्लूरल प्लाक’ आणि पुढे प्रश्नचिन्ह घालून ‘ॲस्बेस्टॉस’ असं लिहिलंय. मोबाइलवर शोधलं तर सगळीकडे कॅन्सर. तेव्हापासून झोप नाही.

बाबा सांगतात, इंजिन रूममध्ये जुनं लॅगिंग फोडायला घेतलं की समोरचा माणूस दिसायचा नाही. ते कपडे आई लालबागच्या चाळीत हातानं धुवायची. तिलाही धोका आहे का? माझा भाऊ 36 वर्षांचा आहे, गोव्यात जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात ठेकेदाराकडे वेल्डर-फिटर आहे. तो म्हणतो, ‘ॲस्बेस्टॉस आता कुठे असतं, तो बाबांचा जमाना गेला.’ तोंडाला रुमाल बांधतो, वर गूळ खातो. कामाच्या कपड्यांतच घरी येतो. त्याची मुलगी चार वर्षांची आहे. त्यानं नोकरी सोडावी का?

भरपाईचा विषय काढला की बाबा चिडतात. ‘गोदीनं आपलं घर उभं केलं, तिच्याविरुद्ध कागद करायचा नाही.’ काय करावं?

ता. क. आमच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत, तेही ॲस्बेस्टॉसचेच ना? काढून टाकू का?

– एक मुलगी

उत्तर:

ताई,

मोबाइलवर तुम्ही जे वाचलंत त्यात वेगवेगळ्या आजारांची सरमिसळ झाली आहे. रिपोर्टमधले प्लाक म्हणजे कॅन्सर नव्हे. फुप्फुसाभोवती जे पातळ आवरण असतं, त्यावर वर्षानुवर्षांनी आलेले ते घट्टे आहेत. त्यांत कॅल्शियम साठलं की एक्स-रेवर पांढरे दिसतात. त्यांचा पुढे कॅन्सर होत नाही, ते कापून काढावे लागत नाहीत आणि त्यांना औषधही नाही. त्यांच्यावरून एवढंच कळतं की ॲस्बेस्टॉस या न जळणाऱ्या खनिजाचे तंतू या माणसाच्या छातीत गेले होते, आणि तेही बहुधा काही दशकांपूर्वी. बाबांचं वय आणि त्यांची नोकरी पाहता यात नवल काहीच नाही.

मात्र नुसत्या प्लाकनं सहसा दम लागत नाही, आणि बाबांना तर लागतोय. म्हणजे दमाचं कारण अजून सापडलेलंच नाही. ते ॲस्बेस्टोसिस असू शकतं, म्हणजे तंतूंमुळे खुद्द फुप्फुसात जाळं धरणं. विडीमुळे झालेला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा आजार, असू शकतो. हृदयाचं दुखणं असू शकतं. या वयात दोन कारणं एकत्र नांदणंही नेहमीचंच. ‘विड्या ओढल्यात, आता भोगा’ हे निदान नव्हे, तो राग आहे. रुग्णानं तो ऐकून घ्यायची गरज नाही.

तपासण्या फार नाहीत. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक छेदांचा सीटी स्कॅन, करून घ्या. काही छेद पालथं झोपवून घ्यायला सांगा, कारण ॲस्बेस्टोसिस सुरू होतो तो फुप्फुसाच्या तळाशी, पाठीकडच्या बाजूला. माणूस उताणा झोपला की तिथे नुसत्या दाबानंही सावली दिसू शकते. दुसरी तपासणी पीएफटी, म्हणजे नळीत फुंकर मारायची. पण नुसत्या फुंकरीवर थांबू नका, त्यात ‘डीएलसीओ’ हा भागही हवा. रक्तात प्राणवायू किती सहज उतरतो ते त्यातून कळतं. विडीनं फुंकर अडते, ॲस्बेस्टोसिसनं फुप्फुस आखडतं, आणि हा फरक या तपासणीत दिसतो. बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालायला लावतात, तेही करून घ्या. ओरोसला आता शासकीय मेडिकल कॉलेज आहे, आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तुमच्याकडच्या माणसांना नवं नाही. यांपैकी कुठल्याही ठिकाणी छातीरोग विभागात दाखवा. जुने सगळे एक्स-रे सोबत न्या, मुंबईचे असतील तर तेही. बदल किती वर्षांत झाला हे जुन्या फिल्मशिवाय कळत नाही.

टीबीबद्दल गावच्या डॉक्टरांना फार बोल लावणार नाही. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीत काही दिसलं की हात आधी त्याच गोळ्यांकडे जातो. पण टीबी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात बसतो आणि ॲस्बेस्टोसिस तळाशी. थुंकी स्वच्छ असताना सहा महिने गोळ्या दिल्या आणि फरक पडला नाही, म्हणजे प्रश्न दुसरीकडे आहे हे तेव्हाच कुणीतरी ओळखायला हवं होतं. तरी पुढे कधी संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असं सुरू झालं तर सीबीनॅट ही थुंकीची टीबीसाठीची तपासणी करा. ॲस्बेस्टॉस आहे म्हणून टीबी होणारच नाही, असा करार कुणी केलेला नाही.

कॅन्सरची भीती मी खोटी म्हणणार नाही. ॲस्बेस्टॉसनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर होतो. हा दुसरा एरवी अतिशय विरळा आहे आणि विडी-सिगारेटशी त्याचा संबंध नाही. संपर्क आल्यावर तीस-चाळीस वर्षांनीही तो उगवतो. पण ज्यांचा संपर्क आला त्यांच्यातल्या बहुतेकांना तो होत नाही. बाबांचं वजन विनाकारण उतरू लागलं, थुंकीतून रक्त आलं, आवाज बसून राहिला किंवा छातीत एकाच बाजूला सतत दुखू लागलं, तर आठवड्याभरात दाखवा. आणि छातीत एका बाजूला पाणी झालं तर ते सुईनं काढून ‘पुन्हा भरलं तर या’ म्हणून घरी पाठवणाऱ्या ठिकाणी थांबू नका. आवरणाचा तुकडा काढून तपासायला हवा. मुंबईत टाटा मेमोरियलला ही सोय आहे.

आता मुख्य गोष्ट. इतक्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं, पण तुमच्या पत्रावरून दिसतं की ‘तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत?’ हे एकानंही विचारलं नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत हा प्रश्न घालायला सांगितलं. सव्वातीनशे वर्षं झाली, आमच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात अजून ‘निवृत्त’ नाहीतर ‘शेती’ असंच लिहितात. त्यामुळे हे काम तुम्हालाच करावं लागेल. आजपासून एक वही घाला. कोणत्या साली कोणत्या खात्यात होते, कोणती जहाजं होती, बॉयलर रूम की इंजिन रूम, नवं लॅगिंग चढवत होते की जुनं उतरवत होते, ओलं करून की कोरडंच, मास्क मिळायचा का, छातीची तपासणी कधी झाली का, बरोबर कोण होतं आणि त्यांतले कोण कशानं गेले. ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, युनियनची पावती, निवृत्तीचा दाखला, जे मिळेल त्याची झेरॉक्स वहीला लावा. डॉक्टरांसमोर बसलात की पहिलं वाक्य दम लागण्याचं नको. ‘बाबा छत्तीस वर्षं गोदीत होते, आधी लॅगर, मग पाइप फिटर’ हे पहिलं वाक्य.

हे वाक्य इतकं मोलाचं का, तर लॅगर म्हणजे ॲस्बेस्टॉस थेट हातात घेणारा माणूस. वाफेवर चालणाऱ्या जहाजात बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत तापलेल्या पाइपांचं जाळं असतं. त्यावर ॲस्बेस्टॉसचं मिश्रण पाण्यात कालवून हातानं थापायचे, वरून कापड गुंडाळायचे. जहाज रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, आलं की तेच वाळलेलं लॅगिंग हातोडीनं फोडून काढायचे, आणि बाबांना आठवतोय तो हाच वेळ. आगीच्या धास्तीनं जहाजांत ॲस्बेस्टॉस आणखी वाढलं. 1934 मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ ‘मॉरो कॅसल’ हे प्रवासी जहाज जळून शंभरावर माणसं गेली, त्यानंतर जहाजांच्या केबिनच्या भिंतींतही न जळणारी पटलं आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि ब्रिटनच्या गोद्यांत लाखो माणसांनी या धुळीत काम केलं. त्याची खरी मोजदाद 1960 नंतर सुरू झाली, कारण आजार बाहेर पडायलाच तेवढी वर्षं लागतात. इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्ट नौदल गोदीत तेव्हा लक्षात आलं की आजारी पडणारे सगळे लॅगर नव्हते. त्याच बंद जागेत शेजारी वायर ओढणारे, वेल्डिंग करणारे, रंग लावणारेही होते. ज्यानं लॅगिंगला कधी हात लावला नाही, त्यानंही तीच हवा घेतली. बाबांचे जुने सोबती आसपासच्या गावांत असतील, कोकणात गोदीची माणसं घराघरांत आहेत. हा मुद्दा त्यांच्यापर्यंतही जाऊ द्या.

आपल्या देशात हे नीट मोजलंच गेलेलं नाही. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची तपासणी झाली आणि तिचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्यांपैकी साधारण दर पाचांतल्या एकाला ॲस्बेस्टोसिस निघाला. तो कारखाना होता, गोदी नव्हे. पण तंतू तोच आणि फुप्फुसही तेच.

बाबांना आज काय देता येईल? आत गेलेले तंतू बाहेर काढणारं औषध जगात कुठे नाही. काढा, वाफ, ‘छाती साफ करणारे’ चहा, यांवर पैसे घालवू नका. विडी सोडलीय, हे त्यांनी स्वतःसाठी केलेलं सगळ्यात मोठं काम, आणि ते त्यांना सांगा. 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी इन्सुलेशन कामगारांच्या अभ्यासात फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसनं सुमारे पाचपट, नुसत्या सिगारेटनं सुमारे दहापट आणि दोन्ही मिळून पन्नासपटीच्या वर दिसला होता. नंतरच्या अभ्यासांत आकडे कमी-जास्त झाले, पण दोन्ही मिळून धोका कितीतरी वाढतो हे कायम राहिलं. विडी सोडल्यावर वर्षागणिक तो उतरतो. दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोकोकसची लस, श्वासाचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, चुलीच्या धुरापासून लांब राहणं, एवढं नेमानं करा. बसल्या जागी प्राणवायू 88 किंवा त्याखाली दिसत राहिला तर घरी ऑक्सिजन लावण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. सीटी किती वर्षांनी पुन्हा करायचा, ते त्यांना ठरवू द्या. दर सहा महिन्यांनी भीतीपोटी करू नका.

आईबद्दल. कामगारांच्या घरी धुळीचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत, म्हणून तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. आईचा धोका बाबांपेक्षा बराच कमी, पण शून्य नाही. तिला त्रास नसेल तर एक साधा एक्स-रे काढून ठेवा आणि पुढे कधी दम, छातीत दुखणं किंवा पाणी झालं तर डॉक्टरांना कपड्यांची गोष्ट आवर्जून सांगा. एवढंच. त्या धुण्याचा अपराध तिनं स्वतःकडे घेतलेला नसेल, अशी आशा आहे. घेतला असेल तर तो काढून टाकायचं काम तुमचं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि आता भाऊ. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. बाबांच्या बाबतीत झालं ते झालं, त्याच्या बाबतीत अजून बरंच हातात आहे.

तो म्हणतो ते अर्धं खरं. आंतरराष्ट्रीय नियमांनी 2002 पासून जहाजांत बहुतेक ठिकाणी आणि 1 जानेवारी 2011 पासून सरसकट सगळीकडे ॲस्बेस्टॉस नव्यानं बसवायला बंदी आहे. पण दुरुस्तीच्या यार्डात नवी कोरी जहाजं थोडीच येतात? येतात ती वीस-तीस वर्षं पाणी कापलेली. फ्लँजमधली गॅस्केट, व्हॉल्व्हचं पॅकिंग, एक्झॉस्टवरचं लॅगिंग, बॉयलरच्या दाराची दोरी, आगरोधक दारं, केबिनची पटलं, विंचचे ब्रेक, जुनी वेल्डिंगची चादर, यांत कुठेही ते असू शकतं. कागदावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ असलेल्या जहाजांतही नंतर बदललेल्या गॅस्केटमध्ये ते सापडलंय. भारतात तर क्रिसोटाइल, म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस, आयात करायला आजही बंदी नाही. आणि जमाना गेलाच म्हणायचा तर फ्रान्सच्या ‘क्लेमांसो’ या विमानवाहू नौकेची गोष्ट त्याला सांगा. 2005 च्या शेवटच्या दिवशी ती तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगकडे निघाली होती. तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून इतका गदारोळ झाला की फेब्रुवारी 2006 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तिला अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावलं. आपल्या जुन्या ‘विक्रांत’चा सांगाडा 2014 मध्ये मुंबईत दारूखान्याला तुटला. तीही महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश बांधणीची. अशा जहाजांवर गॅस कटर चालवणाऱ्या पोरांना जमाना गेला असं सांगून भागत नाही.

नोकरी लगेच सोड असं मी त्याला म्हणणार नाही. हातात कसब आहे, घरात लहान मूल आहे, आणि तो सोडेल त्या जागी ठेकेदार उद्या दुसऱ्याला उतरवेल. पण पुढच्या जहाजावर चढण्याआधी त्यानं सुपरवायझरला एक प्रश्न विचारावा: ‘या बोटीची आयएचएम आहे का?’ म्हणजे जहाजात कुठे कुठे घातक माल आहे त्याची यादी. हाँगकाँगचा जहाजतोडणी करार 26 जून 2025 पासून लागू झाला आहे. भारतानं तो 2019 मध्येच स्वीकारला आणि त्याच वर्षी तसा कायदाही केला. 500 टनांवरच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी जहाजांवर ही यादी असावी लागते. जुन्या जहाजांना त्यासाठी 2030 पर्यंत मुदत आहे, पण युरोपच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांकडे ती आधीपासून असते. नौदलाची जहाजं मात्र या करारात नाहीत. यादी नसेल आणि लॅगिंग जुनं असेल, तर नमुना प्रयोगशाळेत जाऊन उत्तर येईपर्यंत ते ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चालायचं. डोळ्यांनी बघून कुणी सांगू शकत नाही, बाबाही नाहीत.

हात लावायचाच झाला तर कोरड्याला लावायचा नाही. साबणाच्या पाण्यानं पुरतं भिजवायचं, ग्राइंडर मारायचा नाही, हातानं सावकाश सोडवायचं आणि तिथल्या तिथे जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करायचं. नंतर झाडू नको आणि कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. कपडे झटकायला ती हवा मारायची सवय प्रत्येक यार्डात आहे आणि ती फार वाईट. ओल्या फडक्यानं पुसायचं किंवा हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या, फिल्टरचा व्हॅक्यूम वापरायचा. रुमालाचा उपयोग नाही, सर्जिकल मास्कचाही नाही. पी100 किंवा पी3 फिल्टर लावलेला रबरी अर्धमुखवटा हवा, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायला दाढी केलेली हवी. गूळ आवडत असेल तर खुशाल खावा. पण गूळ पोटात जातो आणि तंतू फुप्फुसात. धुळीच्या कारखान्यांत गूळ वाटण्याची जुनी रीत आहे आणि मला तिचा राग येतो, कारण गुळाच्या खड्यात मालकाची जबाबदारी फार स्वस्तात सुटते.

कपड्यांचं मात्र आजपासूनच बंद व्हायला हवं, त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. कामाचे कपडे आणि बूट यार्डातच राहतील. आंघोळ तिथेच, नसेल सोय तर निदान हात-तोंड-केस धुऊन दुसरे कपडे घालून निघायचं. कपडे घरी आणणं भागच पडलं तर ते बांधलेल्या पिशवीत, सरळ पाण्यात, वेगळे. घरी आल्याबरोबर लेक पायाला मिठी मारते तेव्हा त्या पॅन्टला काय चिकटलंय, एवढं त्याला एकदा सांगा. बाकी तो स्वतः करील. सिगारेट ओढत असेल तर वरचे आकडे त्यालाही लागू आहेत.

ॲस्बेस्टॉसच्या नादात बाकीचं विसरू नका. तो वेल्डर आहे. वेल्डिंगचा धूर कॅन्सर करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2017 मध्ये ठरवलं. जुना रंग न खरवडता त्यावर गॅस कटर धरला की शिशाची वाफ निघते. आणि बंद टाकीत गॅस न तपासता उतरणं याला तर तीस वर्षंही लागत नाहीत, माणूस काही मिनिटांत जातो. आधी वारा खेळवणं, मग तपासणी, मग बाहेर एक माणूस उभा, यात तडजोड नाही.

ठेकेदाराचा कामगार म्हणून त्याला हक्क नाहीत असं त्याला वाटत असेल तर ते खोटं. घातक कामावरच्या माणसाची ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी आणि कामातल्या धोक्यांची माहिती हे कायद्यानं देणं लागतं. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि यार्ड ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेखाली असेल तर त्याचा विमा क्रमांक असलाच पाहिजे. तो कार्डावर आहे का, आज रात्री फोन करून विचारा. एकट्यानं भांडायला जाऊ नये. बरोबरच्या चौघा-पाचांनी मिळून लेखी मागितलं की उत्तर वेगळं येतं.

आता बाबांचा राग. ताई, त्यात खोट काढू नका. गावातून गेलेल्या बावीस वर्षांच्या पोराला गोदीनं पक्की नोकरी दिली, खोली दिली, तुमची शिक्षणं झाली. त्या कृतज्ञतेला धक्का न लावताही कागद करता येतो. त्यांना एवढंच सांगा की हा कागद गोदीविरुद्ध नाही, त्यांच्या बरोबरीच्या माणसांसाठी आणि स्वतःच्या मुलासाठी आहे. ॲस्बेस्टोसिस हा कळवायचा आजार आहे. असा रुग्ण सापडला की डॉक्टरनं तो कारखाना निरीक्षकांना कळवायचाच असतो. पूर्वीच्या कारखाने कायद्यात ते होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आहे, आणि त्यात पूर्वी नोकरीत असलेली माणसंही येतात. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. प्रत्यक्षात फार थोडे डॉक्टर हे करतात. तुम्ही विनंती करा, लेखी करा. बाबांनी आपल्या छातीची नोंद होऊ दिली तर त्यांच्यासारखे किती आहेत हे निदान कुणाला तरी मोजता येईल.

भरपाईचा निर्णय निदान झाल्यावर घ्या, आत्ता त्यावरून घरात वाद नको. पण दार बंद झालेलं नाही. ॲस्बेस्टोसिस, तसंच ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, हे व्यावसायिक आजारांच्या कायदेशीर यादीत आहेत. 27 जानेवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर ॲस्बेस्टॉस कामगारांचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि बाधित कामगारांना एक लाख रुपये द्यायला सांगितले. कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून 15 वर्षं, जे नंतर येईल तोवर, जपायलाही सांगितलं. बाबा 2010 मध्ये निवृत्त झाले. या हिशेबानं मुदत सरत आली आहे किंवा नुकती सरली आहे. म्हणून गोदीच्या कार्यालयाला त्यांच्या वैद्यकीय नोंदी मागणारं पत्र लगेच रजिस्टर पोस्टानं पाठवा, बाकी सगळं नंतर. गोदी सरकारी असेल तर माहितीच्या अधिकारातही मागा. दाव्याला मुदत असते, पण उशिराचं सबळ कारण दाखवलं तर तो माफ होऊ शकतो, आणि तीस वर्षांनी दिसणाऱ्या आजाराइतकं सबळ कारण दुसरं कुठलं असणार. निवृत्त माणसाचा दावा गुंतागुंतीचा असतो, वकील लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कामगारांना आणि बायकांना मोफत वकील मिळतो. ओरोसला जिल्हा न्यायालयात चौकशी करा. बाबांच्या जुन्या युनियनचं कार्यालय चालू असेल तर आधी तिथे जा, त्यांनी असे कागद केलेले असतात.

राहिले पडवीचे पत्रे. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर बहुतेक ॲस्बेस्टॉसचेच. पण त्यात तंतू सिमेंटमध्ये धरलेले असतात. पत्रा शाबूत आहे तोवर त्याखाली बसायला हरकत नाही, आणि घाईघाईनं काढायला गेलात तर आज नसलेली धूळ उद्या कराल. पावसाआधी शेवाळ काढायला तारेचा ब्रश घासू नका, ग्राइंडरनं कापू नका, नवं भोक पाडू नका, वर चढून चालू नका. पत्रा फुटला, भुसा पडायला लागला किंवा छप्पर बदलायचंच ठरलं, तर पाणी मारून ओला करा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवा आणि उतरवणाऱ्या माणसाला चांगला मास्क द्या. तुकडे परसात फोडायचे नाहीत, वाटेच्या खड्ड्यात भराव म्हणूनही घालायचे नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि ते कुठे द्यायचे ते ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून घ्या. आणि ते काम चालू असताना बाबांना दोन दिवस तुमच्या मामाकडे नाहीतर शेजारी धाडा, नाहीतर ते स्वतः शिडीवर चढून सगळ्यांना शिकवायला लागतील.